यमुताईसाठी पाखरं

७ ऑक्टोबर १९७३, रविवार

निरोपसमारंभात कचेरीच्या मंडळींनी ही डायरी दिली, तेव्हाच मनात म्हटलं होतं, अठ्ठावन्न वर्षांत चार ओळी स्वतःसाठी लिहिल्या नाहीत, आता काय लिहिणार? जानेवारीपासून कोरीच पडून होती. आज उघडली, कारण काही गोष्टी घरात बोलता येत नाहीत.

परवा यमुताईला घेऊन आलो. माझी थोरली बहीण, वय अडुसष्ट. आई मला वर्षाचा ठेवून गेली आणि ताईनं मला वाढवलं. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं, चौदाव्या वर्षी ती विधवा होऊन बाबांच्या शेतावर परत आली, ती परवापर्यंत तिथंच होती. ती शेत करत राहिली म्हणून मी नागपुरात शिकलो, कारकून झालो, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. आता कोराडीकडं विजेचं मोठं काम निघालं आहे, त्यात आमचं शेत गेलं. रीतसर गेलं, कागद मीच वाचले. पण ताईला कागद वाचून दाखवताना शेवटचं पान मी घाईनं उलटलं.

चुलत पुतण्या गोविंदा बसपर्यंत पोचवायला आला होता. माझ्यासमोर तिला म्हणाला, "आत्या, नव्या वस्तीत आमचं घर अक्षय तृतीयेपर्यंत होते. एक खोली तुह्या नावानं काढतो. बापूकाकाकडं करमलं नाई तं मी नेतो तुले." ताई म्हणाली, "पाहू."

म्हणजे माझ्याकडं साडेसहा महिने आहेत. तीस वर्षं मी तिला "ये ना राहायला" म्हणत आलो. सणाला, पत्रात, सगळं वरवरचं. ती आली नाही याचं मला बरंच वाटायचं, हे इथं लिहायला हरकत नाही. आता ती आली आहे आणि ती जाऊ नये असं वाटतं. फार वाटतं.

पहाटे पाचला ती मागच्या दारात बसली होती. मला पाहून म्हणाली, "बापू, इथं पाखरू कसं नाई गा बोलत?"

मी म्हटलं, "आहेत की. चिमण्या आहेत, कावळे आहेत."

"थे तं टेसनावर बी राह्यते."

त्यानंतर दिवसभर तिनं तोंड उघडलं नाही. तिच्या खाटेखाली एक गाठोडं आहे, हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. मी म्हटलं, "सोड ते, पेटीत ठेव." म्हणाली, "राहू दे गा." गाठोडं बांधून ठेवणारं माणूस मुक्कामाला आलेलं नसतं, एवढं मला कळतं.

९ ऑक्टोबर, मंगळवार

निर्णय झाला. या घरी पाखरं आणायची.

बेसा रस्त्यावर हा प्लॉट घेतला तेव्हा इथं बोराट्या, बाभळी, कमरेएवढा तरोटा माजला होता. सापाच्या भीतीनं मी सगळं मुळासकट काढून मुरूम पसरला. शेजारचा ताराचंद तेव्हा म्हणाला होता, "साहेब, एकदम कचेरीसारखं दिसून राह्यलं." मी खूश झालो होतो.

गंमत बघा, ज्या बाईसाठी पाखरं बोलवायची तिनं आयुष्यभर पाखरं हाकलली. ज्वारी भरली की ताई माळ्यावर चढायची. चार बल्ल्यांवर बांधलेला तो माळा अजून डोळ्यांसमोर आहे, वर तुराट्यांचं छप्पर, खाली शेणाचा धूर. हातात गोफण. तिचा "हाऽऽ होऽऽ" नाल्यापलीकडं ऐकू जायचा. मी तिच्या मांडीला टेकून बसायचो आणि ती हुरडा चोळून माझ्या तळहातावर ठेवायची. फुंकर मारून. एक दाणाही कुसळासकट माझ्या तोंडात गेला नाही.

पन्नास वर्षांपूर्वीचं हे सगळं, पण लिहिताना हुरड्याचा वास आला. वय झालं म्हणायचं.

१४ ऑक्टोबर, रविवार

आठवड्याचा अहवाल. तीन झाडं आहेत: लिंबू, शेवगा, आणि एक पेरू जो फळ धरत नाही. तिन्हींच्या बुंध्यांना खाली गेरू आणि वर चुना दिला. खोक्याच्या फळ्यांची चार घरटी केली, हिरवा रंग दिला, खिळ्यांनी ठोकली. सिमेंटचं पाणी प्यायचं भांडं गवंड्याकडून करवून घेतलं, चांगलं हातभर खोल, मध्ये कमळ. क्रोटनच्या बारा कुंड्या. मुंग्यांसाठी पांढरी पावडर सगळ्या वाफ्यांतून टाकली.

माझी बायको शामला म्हणाली, "अहो, पाखरं येतील का साहेब येतील तपासणीले?"

हिला सगळ्यात थट्टा सुचते. ताईनं बुंध्यांकडं बघितलं आणि आत गेली.

१७ ऑक्टोबर

पाखरू नाही. एका घरट्यात गांधीलमाशी.

२१ ऑक्टोबर, रविवार

ताई भांड्यांचं खरकटं पाणी मोरीत टाकत नाही. स्वयंपाकघराच्या मागं भिंतीशी नेऊन ओतते. तिथं चिखल झाला आहे. मी शांतपणे सांगितलं, "ताई, नाली आहे ना." म्हणाली, "हाव." संध्याकाळी पुन्हा तिथंच.

मी हेडक्लार्क होतो तेव्हा माझ्या एका नोटेवर अख्खा विभाग हलायचा. घरात खरकटं पाणी हलत नाही.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

वाईट दिवस. सकाळी वाफ्यात दोन चिमण्या मेलेल्या सापडल्या. पांढऱ्या पावडरीत लोळल्या असाव्यात, नाहीतर पावडर लागलेल्या मुंग्या खाल्ल्या असाव्यात. मी केरसुणीनं बाजूला करत होतो तर ताई आली, दोन्ही ओंजळीत उचलल्या, लिंबाखाली खड्डा केला, पुरल्या. मग माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मी पाखरं हाकलली गा बापू. मारली नाई कधी. गोफणीतला गोटा बी बाजूनं जाय."

उरलेली पावडर डब्यासकट नाल्याच्या काठी दूर खड्डा करून गाडून आलो. वाफ्यांवरची माती वीतभर खरवडून काढली, तीही तिथंच गाडली. कंबर धरली आहे. कोणाला सांगितलं नाही.

२६ ऑक्टोबर, दिवाळी

ताईनं अर्धी पुरणपोळी खाल्ली. दोन्ही पोरींची पत्रं आली, जावई नाहीत सुट्टीवर म्हणून यंदा येत नाहीत. पणत्या ताईनं लावल्या.

४ नोव्हेंबर, रविवार

शोध लागला तो चांगला नाही. खोली झाडताना खाटेखालचं गाठोडं पायाला लागलं. हलकं आहे. आलं तेव्हा मी स्वतः बसमधून उतरवलं होतं, चांगलं जड होतं. म्हणजे ताई एकेक करून कपडे गावाकडं पाठवते आहे. गेल्या आठवड्यात बेस्याच्या बाजारात तिला आपल्याकडची एक बाई भेटली असं शामला म्हणाली होती. तिच्याबरोबरच असणार.

विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि ती "हाव" म्हणाली तर?

११ नोव्हेंबर, रविवार

आता नवीन. मागच्या भिंतीशी, त्याच चिखलाच्या बाजूला, तिनं काट्यांचा ढीग घातला आहे. बोराटीच्या फांद्या रस्त्यावरून ओढत आणते. अडुसष्टाव्या वर्षी! हातावर ओरखडे. मी गाडीवाला बोलावून सगळं उचलून टाकलं. ताई दारात बसून बघत राहिली.

१२ नोव्हेंबर

ढीग पुन्हा आहे. कालच्यापेक्षा मोठा.

शामला म्हणाली, "राहू द्या ना जी. कोणाले टोचून राह्यलं?"

म्हटलं, मला टोचतं. पण ठेवला. बहिणीशी काट्यांवरून भांडायचं माझं वय नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार

आले! सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बुलबुलांची जोडी. नर कुठला, मादी कुठली कळत नाही, दोघांच्या शेपटीखाली लाल. प्रथम क्रोटनवर बसली, मग मागं काट्यांच्या ढिगावर गेली, थोडा वेळ आत-बाहेर केलं, उडाली.

क्रोटनचा रंग त्यांना दुरून दिसला असणार. मी शामलाला हेच सांगत होतो, कुंड्या वाया जात नाहीत. ती "हो का" म्हणून हसायला लागली. ताईसुद्धा पदरानं तोंड पुसत होती. दोघींचं काय चाललेलं असतं, मला कळत नाही.

२ डिसेंबर, रविवार

भिंतीकडच्या चिखलात काहीतरी उगवलं आहे, गुडघ्याएवढं. ज्वारी वाटते. खरकट्यातून दाणे गेले असतील. पण खरकट्यातली ज्वारी अशी ओळीनं कशी उगवते? बाजूला अंबाडीसारखं काही, तिळासारखं काही. उपटायला वाकलो तर शामलानं आतून हाक मारली, "चहा झाला!" चहा घेऊन आलो तोवर उपटायचं राहून गेलं.

ताराचंद कुंपणावरून म्हणाला, "साहेब, हे काय जंगल करून राह्यले? तुमची कचेरी कुठं गेली?" मी म्हटलं, चालू आहे काम.

९ डिसेंबर

सातभाईंची टोळी. मोजली, आठ निघाले. सगळे एकाच वेळी बोलतात, आमच्या कचेरीतल्या दुपारच्या सुट्टीची आठवण आली. क्रोटनकडं ढुंकून पाहिलं नाही, थेट काट्यांखालचा पाचोळा उलटापालटा करत बसले.

१ जानेवारी १९७४, मंगळवार

डायरी संपली. नवी कोण देणार? जुन्याच डायरीतली जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत, वार खोडून तिथं लिहितो.

गाठोडं जवळजवळ सपाट झालं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

आजचं सविस्तर लिहायचं आहे.

दुपारी मागच्या दारात ताई, शामला आणि मी तिळगुळ खात बसलो होतो. ढिगावर एक लहान पाखरू येऊन बसलं, काळसर पाठ, विटकरी पोट, शेपूट सारखी थरथरते. मी पुस्तकातून नाव आठवत होतो. ताई म्हणाली, "थरथऱ्या आला. याले थंडीतच पाह्याचं. उन्हाळ्यात जाते बाप्पा कुठं तं." आणि मग ती बोलायलाच लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. होल्याच्या जोडीतला एक मेला तर दुसरा कसा घुमतो, सुगरण नदीकाठच्या बाभळीच का निवडते, कोतवाल कसा आधी ओरडतो आणि शिकरा नंतर दिसतो. मला वाटत होतं हिनं गोफण फिरवली फक्त. ती बघत होती सगळं.

मी म्हटलं, "ताई, माळ्यावर मी तुझ्या मांडीवर बसायचो, आठवतं?"

"बसाचा कुठं? निजाचा." मग जरा थांबून म्हणाली, "एक डाव तं तू अस्सा निजला का काई विचारू नको. पाच वर्साचा असशील. रातभर खोकून खोकून जागला होता, पहाटे डोया लागला. अन् वावरात राघूचा थवा उतरला. शेदोनशे."

"मग?"

"मंग काय? वरडली असती तं तू उठला असता."

"म्हणजे तू हाकललंच नाहीस?"

"बसली चुप. पाह्यत राह्यली. धुऱ्याकडचा अख्खा पट्टा साफ केला त्यायनं. बाबा आले तं दाणा नाई कणसात."

शामलानं विचारलं, "बाबा काही बोलले?"

"बोलले नाई. मारलं." ती हसली. "गोफणीनंच मारलं. पण बापू उठला नाई पाह्य, मस्त झोपला होता."

 तिळगुळ तोंडातच राहिला. त्रेपन्न वर्षं ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही आणि आज सांगितली ती हसत. मी मात्र त्या झोपेवर मोठा झालो, शिकलो, शहरात घर केलं, आणि तिला वर्षातून एकदा भाऊबीजेला भेटत राहिलो, तेही पाच-पंचवीस मैलांवरून.

ती जाऊ नये. आज मी देवासमोर उभा राहून हे म्हणालो, आणि मी देवासमोर फारसा उभा राहत नाही.

६ फेब्रुवारी, बुधवार

ज्वारीला कणसं भरली. दहा-पंधरा ताटं असतील. सकाळी राघू उतरले, सात-आठ. मी सवयीनं हात वर करून "हाऽऽ" केलं तर ताई दारातून खेकसली, "चुप बस ना बह्याडा!"

बह्याड! निवृत्त हेडक्लार्कला! शामला आत हसून हसून लोळत होती.

मी म्हटलं, "ताई, कणसं खाऊन टाकतील."

"खाऊ दे. शेवटचं तास त्यायचंच राह्यते. आपल्या वावरात नव्हतं का ठेवत?"

ठेवत होतो खरं. सगळी ज्वारी कापली तरी धुऱ्यालगतची, बांधाकडची एक ओळ उभीच असायची. मला वाटायचं, मजूर विसरतात.

८ मार्च, होळी

शेजारच्या पोरांना होळीसाठी काटे हवे होते. ढीग मागायला आले. मीच पुढं होऊन नाही म्हटलं, आणि माझी चारही घरटी काढून दिली, नाहीतरी त्यांत गांधीलमाश्याच होत्या. हिरवा रंग बराच वेळ जळत होता.

२७ मार्च, बुधवार

गोविंदाचं कार्ड आलं. "घराचे काम झाले. आत्याची खोली तयार आहे. अक्षय तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी येतो. मोठ्यांना नमस्कार." ताईला वाचून दाखवलं. ती शेवग्याच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "येऊ दे."

येऊ दे म्हणजे काय? नेऊ दे असंच ना?

ऊन चढलं आहे. सिमेंटच्या भांड्यातलं पाणी तापतं, कमळ शेवाळलं. कडेवर बसून एक साळुंकी वाकून वाकून बघते, पाणी खोल आहे, निघून जाते.

७ एप्रिल, रविवार

तांबट दुपारभर ठोकतो आहे, टुक टुक टुक. दिसत मात्र नाही. ऐकताना वाटलं, आपल्या विहिरीवरच्या उंबरावरही हाच असायचा. हाच म्हणजे ह्याचा आजा-पणजा. बाबा म्हणायचे, ऊन मोजतो आहे. तो उंबर आता नसेल. मी ताईला म्हटलं, तर म्हणाली, "नाई. तोडला. मी निंगाच्या आधीच तोडला." तिनं हे मला सहा महिने सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

१६ एप्रिल, मंगळवार

अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं भरायच्या दोन घागरी आणायला इतवारीच्या बाजारात गेलो, एक आईबाबांची, एक ताईच्या नवऱ्याची. तिनं तिसरी सांगितली होती. कोणाची विचारलं तर म्हणाली, "लागते." तीन आणल्या. रिक्षात मांडीवर धरून.

१८ एप्रिल, गुरुवार

ताईनं नवी घागर फोडली.

मी मागच्या खोलीत होतो. ठक असा आवाज आला, मग पुन्हा ठक. बाहेर येऊन पाहतो तर काठाचे तुकडे पायरीवर, आणि ती विळ्याच्या पाठीनं घागरीच्या पोटावर मारते आहे. मला पाहून म्हणाली, "जा तू आत, ऊन लागंल."

काय करून ठेवलं मी या बाईला! मुरूम, चुना, क्रोटन. तिचं वावर गेलं, उंबर गेला, आणि मी तिला कचेरीत आणून बसवलं. सहा महिने मनात साठलेलं तिनं आज घागरीवर काढलं. आणि सणाच्या घागरीवर! ताई कधी अशी नव्हती.

संध्याकाळी धीर करून खाटेखाली पाहिलं. गाठोडं नाही. फडकंसुद्धा नाही. म्हणजे सामान पुढं गेलं, आता माणूस तेवढं जायचं राहिलं.

न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ मारत होतो. शामलानं दार वाजवून विचारलं, बरं आहे ना. म्हटलं, उकडतं आहे.

अक्षय तृतीया, दुपार

घागरी भरल्या. दोनच. वर आंबा, खाली गहू. पत्रावळीवर वडे, कढी, चिंचवणी. ताईनं आईचं नाव घेतलं, बाबांचं घेतलं, नवऱ्याचं घेतलं, दोन वर्षंच होता पण नाव विसरली नाही. मी हात जोडून उभा होतो आणि मनात उद्याचा दिवस होता.

जेवण झाल्यावर मला झोपायचं होतं. ताई म्हणाली, "मागं ये जरा." माझं मनगट धरलं आणि लहान पोराला नेतात तसं स्वयंपाकघराच्या मागं नेलं. महिन्याभरात तिथं गेलोच नव्हतो मी, उन्हामुळं. आणि खरं सांगायचं तर रुसलो होतो.

लिंबाच्या सावलीत, काट्यांच्या ढिगाला लागून, फुटक्या घागरीचं बूड मातीत रोवलेलं. चार बोटं पाणी. मध्ये एक चपटा दगड. पाण्यावर एक बुलबुल मान वर करून घोट गिळत होता, दगडावर दोन चिमण्या, खाली मातीत होला. आम्हाला पाहून होला तेवढा जरा सरकला. ढिगाच्या आत, काट्यांमध्ये, वाटीएवढं घरटं. ताईनं बोट दाखवलं नसतं तर मला दिसलं नसतं. तीन उघड्या चोची.

आणि वर, चार काड्यांना बांधून, पाण्यावर सावली केलेली. हिरव्या लुगड्याचं फडकं.

मी फडक्याकडंच बघत राहिलो. म्हटलं, "ताई, हे गाठोड्याचं ना?"

"हाव."

"अन् त्यातले कपडे?"

"कपडे कायचे? कपडे तं पह्यल्याच दिशी शामलेनं पेटीत ठेवले. त्यात बियाणं होतं." बोटं मुडपत मोजायला लागली. "ज्वारी होती. अंबाडी. तीळ. वावर सोडाच्या आदल्या दिशी भरून आणलं. इथं पेरलं थोडं थोडं. संपलं आता."

मी विचारलं. मला विचारायचंच होतं, सहा महिने विचारायचं होतं. "मग गोविंदा उद्या येईल त्याच्यासोबत..."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी पाच वर्षांचा आहे.

"बियाणं पेरून कोणी जाते का गा बापू?"

मी तिथंच मुरमावर बसलो. तिनं विचारलं, ऊन लागलं का. मी म्हटलं, हो.

दुसरा दिवस

गोविंदा आला, जेवला, झोपला, चार वाजता एकटाच गेला. ताईनं त्याला मूठभर ज्वारी बांधून दिली. राघूंनी ठेवलेली एवढीच. म्हणाली, "नव्या वस्तीत आंगणात टाक. अन् सारं झाडून-पुसून नको ठेवू, आपल्या बापूसारखं."

शामलाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मी रागावलो. ती म्हणाली, "तुम्ही विचारलं का जी?" विचारलं नव्हतं.

५ मे, रविवार

क्रोटन ताराचंदला देऊन टाकले. सिमेंटच्या भांड्यात माती भरून कमळासकट तीळ पेरला. बुंध्यांवरचा चुना राहू दिला आहे, तो आपोआप जाईल.

आज शामलानं अंगणात दोन खाटांवर कुरोड्या वाळत घातल्या, आणि माझ्या हातात काठी देऊन पिंपळगावला बहिणीकडं गेली. जाताना बजावलं, "नीट राखा. पाखरं तुम्हीच बोलावली आहेत." मी शेवग्याखाली खुर्ची टाकून बसलो. ताई पायरीवर वाती वळत होती. ऊन, तांबटाचं टुक टुक. बुलबुलाची पिल्लं उडाली आहेत, पण अजून आईबापांच्या मागं मागं फिरतात. त्यांच्याकडंच बघत होतो.

जागा झालो तेव्हा ऊन उतरलं होतं. एक खाट जवळजवळ मोकळी. चिमण्या, साळुंक्या, सातभाई, सगळं गोत कुरोड्यांवर बसलेलं. काठी माझ्या हातात नव्हती. ती पायरीवर, ताईच्या मांडीवर आडवी होती.

मी ओरडलो, "ताई! तू जागी होतीस ना? हाकललं काहून नाही?"

ताईनं वात वळून ताटलीत ठेवली.

"तू निजला होता."

शामला आल्यावर आम्हा दोघांना खूप बोलली.